बाकी एक हजार एकोणऐंशी

अकरा वर्षं आम्ही दोघींनी आवर्ती ठेवीत पैसे टाकले,
मी आणि फिलोमिना तिशेरा,
एकाच शाखेत, काचेच्या एकाच पार्टिशनच्या दोन बाजूंना.
युकातानला जायचं होतं.
माया लोकांचे पिरॅमिड, मग स्पॅनिश गावं, पिवळ्या भिंती,
शेवटी समुद्र, माहितीपत्रकात इतका निळा
की छापणाऱ्याचाच संशय यावा.
अकराशे पन्नास किलोमीटर. गाडी भाड्याची. चालवणार मी.

मग फिलोचे दोन्ही गुडघे बदलायला झाले.
ठेव मुदतीआधी मोडली. दोघींच्या नावे होती,
दोघींच्या सह्या. फॉर्म मीच भरला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं : वैयक्तिक.
त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

एकतीस मार्च.
जन्मात पहिल्यांदा मार्चअखेरीला आम्हाला काही काम नव्हतं.
पुतण्याची वॅगन-आर मागून घेतली.
"पिरॅमिड कुठून आणणार?"
म्हटलं, बोरिवलीहून.

मंडपेश्वरसमोर पोरं क्रिकेट खेळत होती.
चेंडू लेण्यात गेला की आउट, हा तिथला नियम.
पत्रकात होतं : जंगलाने गिळलेलं नगर.
इथे गिळायला टॉवर आधी पोचले होते,
मठाच्या पडक्या भिंतींवर फक्त एक पिंपळ
हट्टाने जंगल करत उभा.
आत नटराज, हात तुटलेले, पाय झिजलेले.
फिलोने भिंतीला धरून त्याला नीट पाहिलं,
"याचं ऑपरेशन कुणी केलं?"
"तुझ्या पूर्वजांनी."
"तेव्हा माझे पूर्वज तुझेच होते गं,"
ती म्हणाली, आणि भिंतीतल्या क्रुसाला टेकवलेला हात
तसाच, न पुसता, नटराजाच्या पायाशी नेला.
मी उगाच घड्याळात पाहिलं.

दहिसर, भाईंदर, खाडीला मोठा वळसा,
उत्तनला वाळत घातलेल्या मासळीचा वास
काचा बंद असून आत आला, बसला, उतरला नाही.
पान चौथं : वसाहतकालीन गाव.
मनोरीत फिलोच्या चुलतभावाचं घर,
लाकडी जिना बाहेरून, कठड्याचा निळा रंग
मागच्या नाताळात लावलेला, अर्धाच.
"कवा आली गो?" इझाबेल दारातूनच ओरडली,
आणि मला न विचारता ताटात इंदयाळ वाढलं.
मी शाकाहारी आहे, हे फिलोने सांगितलं नाही.
मीही नाही.

शेवटचं पान किनाऱ्याचं.
समुद्र चहाच्या रंगाचा, दूध कमी पडलेल्या.
डॉक्टरांनी तिला वाळू बंद केली होती,
म्हणून दोन पोरांनी प्लास्टिकची खुर्ची उचलून
तिच्यासकट पाण्याच्या कडेला नेली, राणीसारखी.
ती उठली. साडी खोचली.
एकेक पाऊल मोजत, नोटा मोजाव्यात तसं,
आत गेली, पाणी गुडघ्यांपर्यंत येईतो.
"गंजणार नाहीत ना गं?" तिकडूनच ओरडली.
मी मान हलवली.
अकरा वर्षं, सव्वासात टक्के दराने,
समोर समुद्रात उभी होती आणि हसत होती.
भरती लागत होती. मी तिच्या चपला
दोनदा मागे सरकवल्या.

निघताना काट्यावर पाहिलं : एकाहत्तर.
"अकराशे पन्नासातून गेले एकाहत्तर,"
तिने तोंडीच वजाबाकी केली, सवयीने,
"बाकी एक हजार एकोणऐंशी."
पुढे ओढायची की निर्लेखित करायची
हे तिने विचारलं नाही.

परतीला ती झोपली, तोंड उघडं टाकून.
मांडीवर इझाबेलने दिलेले सुके बोंबील,
हाताशी आला त्या कागदात बांधलेले.
चकचकीत कागद, जाड.
सिग्नलला नीट पाहिलं :
पिरॅमिडच्या सगळ्या पायऱ्या चढून
तेलाचा एक डाग वर पोचला होता,
आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं,
'चढण्यास मनाई आहे.'